नऊ प्रश्न आणि एक बंद पाकीट

बाबा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मी आईला नऊ प्रश्न विचारायला बसले. प्रश्न माझे नव्हते. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ती छोटीशी प्रश्नावली आहे, ‘पीएचक्यू-९’ नावाची. सगळे प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यांत’ याच मुदतीबद्दल असतात आणि उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त आली तर पुढची तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आई गवार मोडत होती. “कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं?” मी विचारलं.

“मन लागायचं काय त्यात? कामं असतातच की.”

मी शून्य लिहिलं.

“झोप लागते का?”

“या वयात कुणाला लागते गं?”

इथेही शून्यच लिहिलं. वय झालं की झोप कमी होते, हे मलाही पटत होतं.

“आणि भूक?”

“एकटीसाठी काय मांडायचं? सकाळचं असतं, तेच संध्याकाळी.”

हे शून्य की दोन? मी एक लिहिलं आणि पुढे गेले. आठव्या प्रश्नाशी बेरीज चार झाली. नववा प्रश्न मी विचारलाच नाही. वही मिटली आणि तिच्याबरोबर गवार मोडायला बसले.

चार म्हणजे काळजीचं कारण नाही. पण मी त्या बाईला जन्मापासून ओळखते आणि तो आकडा खोटा आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. चुकलं कोण? प्रश्न, विचारणारी, की उत्तर ऐकून त्याचा आकडा करणारी? मानसिक आजारांवर संशोधन करणाऱ्यांसमोर शंभर-सव्वाशे वर्षं हाच प्रश्न आहे. मधुमेहाला रक्तातली साखर आहे, क्षयाला थुंकीतला जंतू आहे, मोडलेल्या हाडाला एक्स-रे आहे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची चाचणी आजही नाही. मेंदूचा स्कॅन काढतात तो बहुतेक वेळा गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, एवढं पाहायला. बाकी हातात उरतं ते माणसाचं बोलणं, त्याचं वागणं आणि घरच्यांनी सांगितलेलं. या कच्च्या मालातून विज्ञान उभं करायचं तर आधी ऐकण्यालाच शिस्त लावावी लागते. ती शिस्त कशी लागत गेली, हे मला सांगायचं आहे.

पहिली अडचण नावाची. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण भरमसाट दिसत, तर ब्रिटनमध्ये अतिउत्साह आणि खोल उदासी यांच्या फेऱ्यांचा जो आजार आहे, त्याचे रुग्ण तुलनेने जास्त. मग दोन देशांतली माणसं वेगळी, की डॉक्टर वेगळे? न्यूयॉर्क आणि लंडनच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांच्या मुलाखती एकाच ठरवून दिलेल्या पद्धतीने घेतल्या. तेच प्रश्न, तेच निकष. तसं करताच दोन देशांतला फरक बराचसा विरघळला. त्याच सुमारास काही रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या. त्यात ‘एफ’ या अक्षराने ओळखला जाणारा एक रुग्ण होता. अमेरिकेतल्या ६९ टक्के डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. ब्रिटनमधल्या फक्त २ टक्के डॉक्टरांना तसं वाटलं. माणूस तोच, चित्रफीत तीच.

हे कळल्यावर निदानाची भाषा बदलावीच लागली. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात प्रत्येक आजाराची लक्षणं, त्यांतली किमान किती हवीत, किती काळ हवीत, हे मोजून-मापून लिहिलेलं होतं. ‘मला असं वाटतं’ याला त्यात फारशी जागा नव्हती. आणि दोन डॉक्टरांचं किती जुळतं हे मोजायला ‘कप्पा’ नावाचं माप सर्रास वापरलं जाऊ लागलं. एकाच रुग्णाला दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करायचं. उरलं ते खरं एकमत. पूर्ण एकमत म्हणजे एक, आणि निव्वळ योगायोग म्हणजे शून्य.

याच पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीची चाचणी अमेरिका आणि कॅनडातल्या नेहमीच्या दवाखान्यांत झाली, तिचे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले. आघातानंतरच्या तणावविकारासाठी कप्पा ०.६७ आला. स्किझोफ्रेनियासाठी ०.४६. आणि ज्याचं नाव आपण रोज ऐकतो त्या तीव्र नैराश्यासाठी फक्त ०.२८. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. मानसोपचार सगळा थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत द्यावं म्हणून मी तो सांगत नाही. एखाद्या शाखेने स्वतःचीच परीक्षा घ्यावी आणि असा निकाल छापावा, याला धैर्य लागतं. शिवाय दोष कुठे आहे हेही त्यातून दिसतं: नैराश्य एकटं येत नाही. चिंता, दारू, अंगदुखी, निद्रानाश यांच्यात मिसळून येतं आणि धावपळीच्या दवाखान्यात एक डॉक्टर एक धागा पकडतो, दुसरा दुसरा. म्हणून संशोधनात साध्या गप्पांवर निदान सोपवत नाहीत. बांधीव मुलाखत घेतात, घेणाऱ्याला प्रशिक्षण देतात आणि अधूनमधून दोघांची उत्तरं ताडून पाहतात. तरीही एक गोष्ट उरतेच. दोघांचं जुळलं म्हणजे दोघं बरोबर आहेत असं नाही. दोघं मिळून चुकूही शकतात.

दुसरी अडचण शब्दांची, आणि इथे मला गोव्यात थांबायचं आहे.

बार्देश तालुक्यातल्या हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात या शतकाच्या सुरुवातीला ‘स्त्री आरोग्य शोध’ नावाचा मोठा अभ्यास झाला. डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतले त्यांचे सहकारी त्यात होते. बायका ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. आरोग्यव्यवस्थेचा ठरलेला रिवाज असा की तक्रार आली की संसर्ग गृहीत धरायचा आणि औषधं द्यायची. या अभ्यासात १८ ते ५० वयाच्या बायकांना घरच्या परिस्थितीबद्दल, मनःस्थितीबद्दल सविस्तर विचारलं आणि प्रयोगशाळेत संसर्गाच्या तपासण्याही केल्या. मग दोन्ही प्रकारची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. या तक्रारीचा संबंध संसर्गाशी होता तो थोडा. मानसिक त्रासाशी होता तो ठसठशीत.

याचा अर्थ या बायका खोटं बोलत होत्या असा अजिबात नाही. अंगातली ताकद वाहून चालली आहे, ही त्यांची भावना अक्षरशः खरी होती. ‘मला उदास वाटतं’ हे वाक्य जिच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही, ती बाई कंबरेबद्दल बोलते, डोकं जड झाल्याचं सांगते, हातापायांना मुंग्या येतात म्हणते. नवऱ्याच्या दारूबद्दल डॉक्टरांना काय सांगायचं? कंबर दुखते, हे मात्र सांगता येतं. आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’, ‘मन थाऱ्यावर नाही’, ‘विचार करकरून डोकं फिरलं’ असंच बोलतात. पटेल गोव्यात येण्याआधी झिम्बाब्वेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे: फार विचार करणं. रुग्ण आपला त्रास ज्या शब्दांत सांगत, त्याच शब्दांतून त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली उभी केली. पुस्तकातली लक्षणं घेऊन माणसं शोधायला ते गेले नाहीत. माणसांकडे जाऊन लक्षणांची नावं गोळा केली. मला ही पद्धत फार आवडते.

परभाषेतली तयार प्रश्नावली आणायची असेल तर तिचं भाषांतर दोनदा होतं. एक जण इंग्रजीतून मराठीत आणतो. मूळ न पाहिलेला दुसरा तिला मराठीतून परत इंग्रजीत नेतो. मग दोन इंग्रजी मजकूर ताडून पाहतात. पण तेवढ्याने भागत नाही. त्या नऊ प्रश्नांतला सहावा आपण अपयशी आहोत असं वाटण्याबद्दल आहे. जिने शाळाच पाहिली नाही तिला ‘अपयशी’ म्हटलं तर काय समजेल? ‘नापास’ म्हटलं तर परीक्षा आठवेल. ‘आपल्यामुळे घरच्यांची मान खाली गेली असं वाटतं का?’ म्हटलं तर समजेल, पण मग तो तोच प्रश्न राहिला का? म्हणून प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारावं लागतं. शेवटी पडताळणी: काही माणसांची बेरीज आधी काढायची, ती न सांगता त्याच माणसांची मनोविकारतज्ज्ञांकडून सविस्तर मुलाखत घ्यायची आणि किती बेरजेला रेघ मारली तर सर्वांत कमी चुका होतात ते पाहायचं. रेघ खाली आणली तर आजारी माणूस सुटत नाही, पण धडधाकट माणसंही जाळ्यात येतात. वर नेली तर उलट. आईच्या बाबतीत मी ही रेघ कुठे धरली असती?

आजार ओळखणं एक, त्याचं कारण शोधणं दुसरं. कारण शोधताना विज्ञानाने एक मोठा अन्याय केला आहे आणि पुढे विज्ञानानेच तो धुऊन काढला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्किझोफ्रेनियाला आईचं वागणं जबाबदार आहे असं बरेच तज्ज्ञ मानत. स्वमग्न मुलांच्या आयांना तर ‘रेफ्रिजरेटर’सारख्या थंड म्हणत. मूल आजारी, आणि वर आईच्या कपाळी हा शिक्का. किती घरांत किती बायका हे ओझं वाहत जगल्या असतील!

जन्माने आलेलं आणि संगोपनाने आलेलं वेगळं करायचं कसं? मुद्दाम मुलं आईपासून तोडून प्रयोग करता येत नाही, करू नये. पण कधी कधी आयुष्यच तशी मांडणी करून ठेवतं. लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जुन्या नोंदी उकरल्या. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांना मनोरुग्णालयात असताना झालेली ४७ मुलं त्यांना सापडली. ही मुलं जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर गेली होती आणि दुसरीकडे वाढली होती. तुलनेला त्यांनी अशी ५० माणसं घेतली, जी तशीच जन्मल्या जन्मल्या आईपासून दुरावली होती, पण ज्यांच्या आयांना हा आजार नव्हता. सगळी आता मोठी झालेली. त्यांना शोधून काढलं, मुलाखती घेतल्या आणि कागदपत्रांतून कोण कुठल्या गटातलं हे कळेल अशा खुणा काढून टाकून ती इतर मनोविकारतज्ज्ञांकडे दिली. पहिल्या गटातल्या ४७ पैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया होता. दुसऱ्या गटातल्या ५० पैकी एकालाही नाही. हा निबंध १९६६चा. ज्या आईने मुलाला तीन दिवसही मांडीवर घेतलं नव्हतं, तिच्या वागण्याला दोष कसा देणार?

स्वमग्नतेबद्दल १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. जोड्या अवघ्या २१. त्यांतल्या ११ एकाच बीजांडातून झालेल्या, म्हणजे जनुकं सारखी. १० वेगवेगळ्या बीजांडांतल्या, म्हणजे सख्ख्या भावंडांइतक्याच जवळच्या. पहिल्या प्रकारात चार जोड्यांमध्ये दोन्ही मुलं स्वमग्न होती. दुसऱ्यात एकही नाही. एवढ्याशा आकड्यांनी आईच्या थंडपणाचा सिद्धांत खिळखिळा केला. हे लिहिताना मला आजही भरून येतं, कारण त्या आयांची सुटका एखाद्या भाषणाने झाली नाही, नीट मांडलेल्या तुलनेने झाली.

पण जनुकांचं नाव आलं की माणसं सगळंच नशिबावर टाकतात, तेही खरं नाही. एकाच बीजांडातल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघते. जनुकं तीच, तरी अर्धी वाट मोकळी. जनुकशास्त्रज्ञही यात एकदा चांगले ठेचकाळले आहेत. २००३ साली न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात जन्मापासून पाहणीखाली असलेल्या एका पिढीच्या अभ्यासातून असं पुढे आलं की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेली माणसं संकटांनंतर नैराश्यात जास्त जातात. गोष्ट इतकी सुबक होती की तिच्यावर शेकडो निबंध लिहिले गेले. २०१९ साली नैराश्याच्या संदर्भात गाजलेली अशी १८ जनुकं लाखो माणसांच्या माहितीवर तपासली गेली, तेव्हा ती कुठल्याही वाटेल त्या जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. छोट्या नमुन्यात योगायोग सहज पुराव्याचा वेश घेतो. आता स्किझोफ्रेनियासाठी जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या आहेत, २०२२च्या एका प्रचंड अभ्यासात. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

आता उपचार. इथे तर आपल्या आशेपासूनच पुराव्याला वाचवावं लागतं.

१९३३च्या सुमारास व्हिएन्नात मानफ्रेड साकेल यांनी स्किझोफ्रेनियावर इन्सुलिनचा उपचार सुरू केला. सकाळी रुग्णाला इन्सुलिनचं मोठं इंजेक्शन द्यायचं. रक्तातली साखर उतरत जायची, तो घामाने निथळायचा आणि बेशुद्ध व्हायचा. काही वेळाने नाकातल्या नळीतून साखरेचं पाणी देऊन त्याला परत आणायचं. असं आठवडेच्या आठवडे. काही जण परत आलेच नाहीत. तरी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत यासाठी खास विभाग होते आणि तिथले डॉक्टर-परिचारिका शपथेवर सांगत की रुग्ण सुधारतात. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं खरंच सुधारत होती.

१९५३ साली हॅरल्ड बॉर्न या तरुण डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराला थेट मिथक म्हटलं. त्याचं म्हणणं साधं होतं: या विभागांत घेतले जाणारे रुग्ण मुळात तरुण, नुकतेच आजारी पडलेले, म्हणजे तसेही सुधारण्याची शक्यता जास्त असलेले. ज्येष्ठ मंडळी भडकली. मग १९५७ साली लंडनमध्ये खरी कसोटी झाली. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला इन्सुलिनने बेशुद्ध केलं, दुसऱ्याला बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधाने. बाकी सगळं सारखं: तोच विभाग, त्याच परिचारिका, रोजची तीच धावपळ, जागं झाल्यावर तीच विचारपूस. निकालात फरक निघाला नाही. म्हणजे जे काही बरं करत होतं ते इन्सुलिन नव्हतं. एखाद्या ओसाड, दुर्लक्षित मनोरुग्णालयात रोज कुणीतरी आपल्या उशाशी बसतंय, आपण शुद्धीवर यावं म्हणून वाट पाहतंय, याचा गुण केवढा असेल, याचा विचार करावा.

अशा कसोटीसाठीच ते बंद पाकीट असतं. कुणाला कुठला उपचार मिळणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णानेही नाही. आधीच यादृच्छिक क्रमाने लिहून, अपारदर्शक पाकिटांत बंद करून ठेवायचं आणि रुग्णाने संमती दिल्यावरच पुढचं पाकीट फोडायचं. कारण पाकीट आधी उघडलं तर दयाळू डॉक्टर नकळत ‘या बिचारीला नवा उपचार मिळू दे’ असं करतो आणि दोन्ही गटांची बरोबरी तिथेच मोडते.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात अशी एक चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. माझ्या आईला विचारलेल्या त्याच नऊ प्रश्नांवर १४च्या वर बेरीज आलेले ४९५ प्रौढ तिच्यात होते. अर्ध्यांच्या डॉक्टरांना प्रश्नावलीचा निकाल आणि उपचारांची मार्गदर्शिका दिली. उरलेल्यांना हे सगळं मिळालंच, शिवाय एका समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. हे समुपदेशक मानसोपचाराची पदवी घेतलेले नव्हते. स्थानिक माणसं, या कामासाठी शिकवून तयार केलेली. उपचाराचं तत्त्व असं: ‘मन लागलं की करेन’ हे नैराश्यात उलटं फिरवावं लागतं. आधी एखादी छोटी गोष्ट करायची, शेजारणीकडे जायचं, परसातल्या झाडांना पाणी घालायचं. मन त्याच्यामागून येतं.

तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा तपासलं. तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. बोलण्याच्या उपचारात रुग्णापासून हे लपवता येत नाही, म्हणून निदान मोजणाऱ्यापासून लपवायचं. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या रेघेखाली आले होते. न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

हे दोन आकडे वाचताना बहुतेकांचं लक्ष ६४कडे जातं. मी म्हणेन, ३९कडे पाहा. समुपदेशनाशिवाय शंभरातली ३९ माणसं बरी झाली. माणूस दवाखान्यात जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेवरून बहुतेक गोष्टी खालीच येतात. काळ जातो, ऋतू बदलतो, कर्ज फिटतं, मुलगी माहेरी येऊन राहते. एखादा बाबा, एखादं चूर्ण, एखादं महागडं शिबिर याच ३९ जणांच्या जिवावर चालतं. तुलनेचा गट ठेवला नसता तर सगळेच ६४ समुपदेशनाच्या खात्यात जमा झाले असते. ठेवला म्हणून खरी कमाई कळली: शंभरात २५. एका वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा प्रमाण ६३ आणि ४८ होतं. फरक टिकला होता, पण दुसरा गट हळूहळू जवळ येत होता.

याआधीची गोव्यातलीच ‘मानस’ चाचणी, २०१०ची, आणखी शिकवते. तिथे माणसांऐवजी दवाखान्यांचीच चिठ्ठी टाकली होती: १२ सरकारी आरोग्य केंद्रं, १२ खाजगी दवाखाने, एकूण २,७९६ रुग्ण. एकाच दवाखान्यात काहींना समुपदेशन आणि काहींना नाही असं केलं तर बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगणारच, म्हणून ही पद्धत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशनाच्या बाजूला ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, दुसऱ्या बाजूला ४२.५. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही. तिथे समुपदेशन नसलेल्या बाजूचे रुग्णही तेवढेच सुधारले होते. कदाचित ओळखीचा, वेळ देणारा घरचा डॉक्टर आधीच ते काम करत असावा. हा निकाल त्यांनी पहिल्याच्या शेजारी तितक्याच स्पष्टपणे छापला.

सगळेच छापत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शोधून काढल्या आणि त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचे निकाल औषधाच्या बाजूने होते. त्यांतल्या ३७ प्रसिद्ध झाल्या. ३६ चाचण्यांचे निकाल विरुद्ध किंवा संशयास्पद होते. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा रीतीने छापल्या की निकाल चांगला वाटावा. जशा होत्या तशा मांडल्या फक्त तीन. डॉक्टर नियतकालिकं वाचून औषध लिहितो. कुणाच्या तरी कपाटात बंद असलेले २२ निकाल त्याला दिसणार कसे? यासाठीच आता रुग्ण घेण्याआधी चाचणीची जाहीर नोंद करावी लागते. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९पासून औषधांच्या चाचण्यांसाठी सक्तीची आहे.

प्रत्येक प्रश्नाला पाकीट लावता येत नाही, हेही खरं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला हा मुलूख. गावातल्याच कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याबद्दल बोलायला सुरुवात केली, समुपदेशक आले, डॉक्टरांपर्यंतची वाट तयार झाली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, १८ महिन्यांनंतर २७.२ टक्के. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमालाच द्यावं की नाही यावर वाद घालता येईल. पण ४.३ हा आकडा वाचून मी बराच वेळ पान उलटू शकले नव्हते.

आणि नववा प्रश्न. तो असा आहे: मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत आले का? संशोधनात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना हा आपल्या मर्जीने गाळायची मुभा नसते. उत्तर शून्याखेरीज काही आलं तर पाहणी बाजूला ठेवायची आणि त्या माणसाला मदतीपर्यंत पोहोचवायचं, हे आधी ठरलेलं असतं. (आपल्याकडे आता ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतूनही बोलता येतं.) मी तो गाळला, कारण मला भीती वाटली: विचारल्यानेच ते मनात येईल.

या भीतीचीही चाचणी झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, काहींना नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. विचारलेल्यांमध्ये त्रास किंवा तसे विचार वाढलेले नव्हते. निबंध २००५चा. तो मला आधीपासून माहीत होता, आणि तरी मी आईसमोर वही मिटली होती.

पुढच्या रविवारी मी तिला विचारलं. वही न घेता, तिच्या शेजारी बसून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नाही गं. मरावंसं नाही वाटत. पण रात्री तीनला जाग येते, आणि ह्यांची खाट दिसते. मग उजाडेपर्यंत बसून राहते.”

“रोज?”

“रोजच.”

मी तिसऱ्या प्रश्नासमोरचं शून्य खोडलं आणि तीन लिहिलं. मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.